आमच्या ट्रेव्हरचा चिरका सूर

लावा ना, लावा! अजून मोठा करा आवाज! आत माझ्या नवऱ्याचे दात उपटतायत आणि बाहेर रेडिओवर त्याचंच गाणं लागलंय, मग काय, फेर धरून नाचूच या की सगळे!... नाही हो बाई, तुम्हाला नाही बोलले, तुम्ही बिचाऱ्या गाल धरून बसलायत, तुमचा काय दोष? ती काउंटरवरची पोरगी बघा, ती! आता बघा हं... आता तो सूर येईल आणि ही मान हलवणार... आला! हलवली की नाही? आणि तुम्हीही हसलात! हसा, हसा, सगळेच हसतात. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा जो मधेच चिरकला ना, तो आमच्या ट्रेव्हरचा सूर. हो, तोच, ट्रेव्हर बूथरॉइड, जो आत खुर्चीत आ वासून पडलाय. तुम्हाला सांगते, पोरवयापासून हा माणूस कॉर्नेट वाजवतोय, ते आखूड पितळी वाद्य, तुतारीची ठेंगणी बहीण म्हणा, लाखो सूर वाजवले असतील, सगळे कसे घासूनपुसून लख्ख... आणि लोकांना माहीत कुठला? एक सूर हो! जन्मात एक चुकला, आणि मेला तोच अमर झाला!

पंच्याण्णव सालची गोष्ट. त्या वेळी देशात गिटारवाल्या पोरांचं नुसतं पीक आलं होतं, आठवतं ना? ब्रिटपॉप म्हणायचे. गल्लीगल्लीत एकेक बँड, तोंडं अशी की कुणी आत्ताच थोबाडीत मारलीय. आमच्या क्लेगशॉमधली चार पोरंही त्यातलीच, डोळ्यांवर केस, अंघोळीशी हाडवैर, आणि नाव काय घेतलं, तर ‘द पिजन्स’. कबुतरं! ज्या गावात दर तिसऱ्या घराच्या मागे शर्यतीची कबुतरं आहेत, तिथे दुसरं काय सुचणार म्हणा. त्यांनी एक गाणं केलं, ‘हाफ डे वेन्सडे’. काय आहे त्यात? बुधवारी दुपारी आमच्याकडे दुकानं बंद, पोरगी भेटायला आली नाही, पाऊस पडतोय, संपलं! यात गाण्यासारखं काय आहे ते मला आजवर कळलेलं नाही. पण त्यांना वाटलं, मधे गावचा ब्रास बँड असावा, म्हणजे कसं, आजोबा आठवल्यासारखं वाटेल.

ब्रास बँड म्हणजे माझे सासरे. विल्फ्रेड बूथरॉइड, बँडमास्तर, जन्मभर सूतगिरणीत फोरमन. बोलणं कमी, भुवया जास्त. त्यांच्यासमोर ढगसुद्धा सुरात गडगडायचे. आमच्या लग्नात ऑर्गनवाला एक पट्टी खाली वाजवत होता, तर ह्यांनी पाद्रीबुवांना थांबवलं हो! मी दारात, माझा तो पायघोळ झगा धरून उभी, आणि हे म्हणतात, “आधी ऑर्गन जुळवा, मग सून आत येऊ दे.” असा माणूस. आणि त्यांचा एकुलता एक मुलगा, आमचा ट्रेव्हर, बँडमधला पहिला कॉर्नेट, म्हणजे एकट्यानं उभं राहून वाजवायचा मान त्याचा.

चर्चच्या मागे बँडची खोली होती, तिथे रेकॉर्डिंग. जूनचा महिना, पोरं विड्या ओढतायत म्हणून खिडक्या सताड उघड्या, बाहेर गवत फुललेलं, आणि आमच्या ट्रेव्हरला गवताच्या धुळीनं शिंका येतात. सकाळपासून वाजवून वाजवून ओठ सुजलेले. मी सगळ्यांसाठी पोर्क पाय, म्हणजे आत डुकराचं मटण भरलेल्या कचोऱ्या म्हणा, करून नेले होते, ते त्या कबुतरांनी दाणे टिपावे तसे टिपले. आणि मग ती शेवटची खेप. ट्रेव्हर उभा राहिला, सूर चढत चढत वर निघाला, अगदी शेवटच्या पायरीवर आला, आणि नेमकी शिंक! बाहेर नाही पडली, दाबली त्यानं, पण ती दाबताना तो सूर असा चिरकला, असा चिरकला, आणि घसरून एक पायरी खालीच बसला. सासऱ्यांनी छडी खाली ठेवली. म्हणाले, “पुन्हा.”

तर तो गाणारा, डॅरेन, टुणकन उडीच मारली त्यानं. “नाही नाही नाही, काका! हेच! हेच पाहिजे!”

“काय हेच?” सासऱ्यांच्या भुवया वर.

“हे रडल्यासारखं झालं ना, ते!”

“पोरा, हे रडणं नाही. ही चूक आहे.”

“मग चूकच पाहिजे!”

ट्रेव्हर गयावया करतोय, “अरे, एकदा घेऊ या रे, एकदाच, मी आधी नाक शिंकरून येतो.” पण पोरांनी वायरी गुंडाळल्या सुद्धा! गेली भुर्रकन उडून! एक सूर हो... जन्मात एक चुकला!

आणि नाताळपर्यंत? देशात पहिल्या नंबरावर. तुम्ही कुठे होतात तेव्हा? तुमच्याही लग्नात वाजलंच असेल. बघा, म्हणाल्या वाजलं! लग्नात वाजतं, बारशाला वाजतं, फुटबॉलच्या मैदानावर समोरच्यानं पेनल्टी बाहेर मारली की अख्खं स्टँड तोंड वाकडं करून तो सूर काढतं. आइस्क्रीमची गाडी यायची आमच्या रस्त्यावर, तिच्या भोंग्यावर तेच, आणि चिरकण्यासकट! ट्रेव्हर परसात बीन्सच्या वेलांना काठ्या लावत असायचा, गाडी वळली की काठी हातात तशीच. मग त्यानंतर जितके बँड आले ना, सगळ्यांना म्हणे कबुतरांचा वारसा चालवायचा. म्हणजे काय करायचं? एक कॉर्नेटवाला शोधून आणायचा आणि त्याला सांगायचं, जरा बिघडवून वाजवा. लीड्सच्या संगीत कॉलेजात शिकवतात तो सूर! माझ्या मैत्रिणीची सून तिथे आहे, ती सांगते, “मावशी, पोरांना चुकायला आठवडा लागतो, पण बरोबर तसंच चुकायला वर्ष जातं.” ऐका! एक प्रोफेसरसाहेब आले होते घरी, कबुतरांच्या प्रभावावर पुस्तक लिहीत होते. म्हणाले, “तुमच्या त्या सुरात बंद पडलेल्या गिरण्यांचा हुंदका आहे.” ट्रेव्हर म्हणाला, “मला शिंक येत होती.” तर ते म्हणतात, “अगदी बरोबर! दाबलेली!” आणि लिहून घेतलं. चार केकचे तुकडे खाऊन गेले.

लोकांची मजा झाली हो. पण आमच्या घरात काय झालं? त्या वर्षी बँडची स्पर्धा. आमच्याकडे परीक्षक तंबूत बसतात, बंद, कोण वाजवतंय ते दिसू नये म्हणून. ट्रेव्हर उभा राहिला, इतकं सुंदर वाजवलं, एक डाग नाही, आणि वरचा सूर जवळ आला तसे लोक खुर्चीत पुढे सरकले, आता चिरकतो, आता चिरकतो... आणि नाही चिरकला तर मागून कुणीतरी केवढ्यानं म्हणालं, “अरेरे!” पिकली खसखस. परीक्षक तंबूतून डोकं बाहेर काढून बघतायत, काय झालं म्हणून! पुढच्या तालमीला सासऱ्यांनी सगळ्यांच्या देखत सांगितलं, “ट्रेव्हर, तू मागच्या रांगेत बस. इथे गॉर्डन बसेल.” गॉर्डन, आमचा खाटीक! त्याचा सूर म्हणजे... जाऊ दे, मटण चांगलं देतो तो. ट्रेव्हर उठला, आपला स्टँड उचलला, मागे जाऊन बसला. बाप बोलला नाही, मुलगा बोलला नाही, चौदा वर्षं दर रविवारी माझ्याकडे भाजलेलं मटण खायचे दोघं समोरासमोर आणि मीठ मागायचे, “मीठ दे”, “घे मीठ”, झालं. मग सासरे गेले. आणि तुम्हाला सांगते, दफनविधीला बँड वाजवून थांबलाय, ट्रेव्हर मागच्याच रांगेत, पेटी खाली उतरतेय, सगळं कसं शांत... आणि पेटीचा दोर धरणाऱ्या एका पुतण्याच्या खिशात फोन वाजला. काय वाजलं असेल? सांगा ना! तोच! सासऱ्यांना शेवटचा निरोप, तोही चिरकून! मी ट्रेव्हरकडे बघितलं. तो कॉर्नेटकडे बघत होता, असं, जणू त्या बिचाऱ्या पितळेनंच काही केलंय.

एक सूर हो!

तर यंदा. फेब्रुवारीत ह्याच डॉक्टरीणबाईंकडे आलो. त्यांनी समोरचे दात हलवून बघितले. म्हणाल्या, “मिस्टर बूथरॉइड, वरचे दोन काढावे लागणार, जबड्यातच धर राहिलेली नाही.” कॉर्नेटवाल्याचे समोरचे दात! त्याच्यावर तर ते वाद्य टेकतं, ते गेले की संपलं. ट्रेव्हरनं टोपी घातली, घरी आला. आणि त्याच आठवड्यात फोन. कबुतरांच्या ऑफिसातली मुलगी, गोड आवाज, “तीस वर्षं झाली ना, म्हणून जुलैत मोठा कार्यक्रम आहे, साठ हजार लोक, मूळ ब्रास बँड हवाय आणि मूळ कॉर्नेट हवाय.” मला वाटलं हा नाही म्हणणार. फोन आपटणार. तर म्हणाला, “येतो.”

मग डॉक्टरीणबाईंच्या हातापाया पडला, जुलै उलटेपर्यंत दात राहू द्या. त्या म्हणाल्या, “राहतील, पण काही चावायचं नाही, सफरचंद नाही, टोस्ट नाही, काही नाही.” म्हणजे कोण मेलं? मी! फेब्रुवारीपासून वाटाण्याचं सूप, गाजराचं सूप, बटाट्याचं सूप, माझ्या घराचा वास दवाखान्यासारखा झाला हो! शेवटी एक दिवस डाव आपटला मी. म्हटलं, “अरे ट्रेव्हर, कशासाठी हे? ज्या सुरानं तुला मागच्या रांगेत बसवलं, तोच वाजवायला हा उपास?”

तर शांतपणे म्हणतो, “तो नाही वाजवणार. बरोबरचा वाजवणार.”

मी म्हटलं, “अरे, त्यांनी तुला चुकायला बोलावलंय! साठ हजार माणसं ती चूक ऐकायला येतायत! दे ना त्यांना ती, तुझं काय जातं?”

“ग्लेनिस,” म्हणाला, “दात गेले की मी संपलो. मग मागे काय राहणार? ते एकच. आणि ते मी नाहीये गं. ती शिंक आहे.”

मी सूप ढवळलं.

पहिली तालीम लीड्समध्ये, विमान मावेल एवढा हॉल. तिथे एक दाढीवाला पोरगा, बार्नबी, लंडनचा, सगळ्यांना सूचना देणारा. ट्रेव्हरनं वाजवलं, सूर वर गेला, घंटेसारखा. बार्नबी म्हणतो, “सर, फारच सुंदर! पण जरा... स्वच्छ होतंय.” आणि फोनवर जुनं गाणं लावून ट्रेव्हरच्या कानाशी धरलं. “ऐका, तो बघा कसा वाजवतो.”

“तो कोण?”

“मूळ वादक.”

“मीच तो.”

“हो ना! मग त्याच्यासारखं वाजवा ना, सर!”

पुन्हा वाजवलं, पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदा, पुन्हा बरोबर! मग बार्नबीनं हळूच एका मुलीला पुढे केलं, इमोजेन, त्याच कॉलेजातली, वेळ पडली तर असावी म्हणून आणून ठेवलेली. तिनं वाद्य ओठाला लावलं आणि एका फटक्यात असा चिरकवला, असा चिरकवला, मला तर बँडच्या खोलीतला विडीचा वास आला! आता ट्रेव्हरला कळलं, चुकता आलं नाही तर आपल्याला घरी पाठवतील आणि मग बरोबर वाजवायलाही मिळणार नाही. काय करतो बिचारा? चहाच्या वेळी त्या पोरीजवळ गेला, टोपी काढून. “कसं करतेस गं ते?” ती लाजली. “जीभ जरा मागे घ्यायची, सर, आणि वर जाता जाता धीर सोडायचा.” माझा नवरा, सत्तरीला टेकलेला, स्वतःची चूक नातीच्या वयाच्या पोरीकडून शिकला हो!

मग घरी दोन्हीचा रियाज. परसातल्या खोपटात बसायचा. एकदा बरोबर, एकदा चूक, एकदा बरोबर, एकदा चूक. चूक तालमीत दाखवायला, बरोबर त्या दिवसासाठी. कुंपणापलीकडचे डकवर्थ, ते चूक आली की टाळ्या वाजवायचे आणि बरोबर आली की चिडीचूप. आणि हळूहळू काय व्हायला लागलं, तो ठरवायचा एक आणि यायचं दुसरंच! तोंडच गोंधळलं. दात हलतायत, हिरड्यांतून रक्त येतंय, रुमाल भरतायत, मी लपवून धुतेय, तो लपवून वाळत घालतोय. एकदा खिडकीतून बघितलं, तर कॉर्नेट मांडीवर घेऊन नुसता बसला होता, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत. ती खुर्ची सासऱ्यांची, आम्ही मोडीत काढली नव्हती. मी परत फिरले. सगळ्याच ठिकाणी बायकोनं जाऊ नये.

तो शनिवार उजाडला. मैदान कसलं, माणसांचा समुद्र! मला स्टेजच्या कडेला उभी केली, हातात थर्मास, काखेत छत्री. डॅरेन भेटला, डोळ्यांवरचे केस कुठे गेले देव जाणे, टक्कल आणि पोट. ट्रेव्हरला मिठी मारून म्हणाला, “काका, तुमच्यामुळे आहोत आम्ही. आज रडवा सगळ्यांना.” ट्रेव्हर म्हणाला, “बघतो.” आणि गाणं सुरू झालं. मधली जागा आली, बाकीची वाद्यं थांबली, ट्रेव्हर उभा राहिला. एकटा. काय सांगू तुम्हाला! गणवेशाची बटणं मीच घासली होती, अशी चमकत होती. सूर निघाला, चढला, एकेक पायरी, वर, वर, अगदी शेवटच्या पायरीवर पाय टाकला...

आणि त्या साठ हजार माणसांनी एकदम गळा काढला!

चिरका! सगळ्यांनी मिळून चिरका! टकले बाप, त्यांच्या खांद्यावरची पोरं, बिअर सांडत नाचणाऱ्या बाया, बंदोबस्ताचा पोलीससुद्धा हो, तोंड वाकडं करून! केवढ्या प्रेमानं! निम्मे रडत होते. आणि त्या गजरात आमच्या ट्रेव्हरनं काय वाजवलं, बरोबर की चूक, कुणाला कळलं? कुणालाच नाही! टीव्हीवर दाखवलं ना, तुम्ही पाहिलं असेल, तिथे तरी कळेल म्हणावं, तर त्या बार्नबीनं आधीच खबरदारी घेतलेली. म्हातारा माणूस, ऐन वेळी काही होऊ नये, म्हणून टीव्हीसाठी तेवढ्या जागी जुन्या रेकॉर्डमधलाच सूर चिकटवलेला! एक सूर हो! एक! तो पुसायला हा माणूस तीस वर्षांनी उभा राहिला आणि त्याच सुराखाली गाडला गेला.

संपल्यावर आम्ही मागे गवतावर बसलो, बसगाड्या उभ्या होत्या तिथे. अजून उजेड होता. त्याचे ओठ काळेनिळे. रुमालानं ओठ टिपले. मग म्हणाला, “आला का गं?”

“म्हणजे? तुला नाही कळलं?”

“मला माझंच ऐकू आलं नाही, ग्लेनिस. दातांत जाणवला. वाटतं की बरोबर होता. पण दात हलतायत, त्यांच्यावर काय भरवसा?” आणि माझ्याकडे असं बघितलं, लग्नाचं विचारताना बघितलं होतं तसं. “तू दहा पावलांवर होतीस. तुला तर ऐकू आलाच असेल.”

मी म्हटलं, “आला. घंटेसारखा.”

मग हळूच म्हणाला, “तू गात होतीस.”

“मी? कुठे?”

“मला तुझं तोंड दिसत होतं.”

“बरं, गात होते! पण बरोबरचं गात होते!”

“नाही गं,” म्हणाला. “तोंड वाकडं होतं.”

आणि उठला, कॉर्नेटमध्ये फुंकून साचलेलं पाणी झटकलं, पुसलं, पेटीत ठेवलं. रागावला असता तर बरं झालं असतं हो! रागावलेल्या माणसाला सूप तरी देता येतं. तेव्हापासून आजपर्यंत घरात तसंच, “मीठ दे”, “घे मीठ”, आणि आता तर तोंडात बोळे घालून बाहेर येईल, म्हणजे तेवढंही नाही. पण तुम्हीच सांगा बाई, माझं काय चुकलं? मी काय मुद्दाम केलं? थर्मास हातात, छत्री काखेत, डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि भोवती साठ हजार माणसं... आपोआप निघालं हो तोंडातून! आणि मला सांगा, नवऱ्याचं बरोबर काय होतं ते कुठल्या बायकोच्या लक्षात राहिलंय आजवर? चूक तेवढी तोंडपाठ!